अकरा मिलिमीटर

माझ्या २०१३ सालच्या डायरीत, सोळा एप्रिल ते तेरा मे या अठ्ठावीस पानांवर, तारखेखाली उजव्या कोपऱ्यात एक आकडा लिहिलेला आहे. पहिल्या पानावर एक, शेवटच्या पानावर अकरा. ती माझ्या यजमानांच्या डोक्यावरच्या केसांची लांबी आहे, मिलिमीटरमध्ये. मोजायला शाळेतली पारदर्शक पट्टी वापरली होती. ती अजून टेबलाच्या खणात आहे.

यजमानांचे नाव जयवंत सावळेराम डोळस. घरात मी त्यांना 'अहो' म्हणत असे; इथे नावाने लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याचा घोळ होईल. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झाले. ओतुरात आणि आसपासच्या गावांत त्यांना 'टीव्हीतले डोळस' म्हणत. मोठे नट ते कधीच नव्हते. मालिकेत दार उघडणारा, निरोप आणणारा, पहिल्या महिन्यात मरणारा माणूस लागतो, तो ते असत. लोकांना चेहरा लक्षात राहायचा, नाव राहायचे नाही.

त्यांचा जन्म मढचा, १९५१ चा. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि पुढे ओतूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक झाले. खिडकीमागे बसून गाड्या पुकारायचे काम. आवाज भरदार होता. "कल्याण गाडी तीन नंबरला लागली आहे, धावू नका," हे वाक्य बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांपर्यंत ऐकू जाई. एसटी कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत ते दर वर्षी उतरत आणि दर वर्षी तिसरे येत. मी खडकीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, लग्न होऊन ओतुरात आले आणि एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. रोज पाच ओळी लिहिण्याची सवय शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली. त्यामुळे त्यांच्या आयुष्याच्या तारखा माझ्याकडे आहेत; मला आठवतात म्हणून नव्हे.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी, २००९ च्या ऑक्टोबरमध्ये, घोडेगावच्या अश्विनीचा फोन आला. ती ठाण्याला मालिकांची सहायक दिग्दर्शक होती. लहानपणी मामाकडे ओतुरात राहायची आणि रोज स्टँडवर गाडीची वाट बघायची.

"काका, तुमच्या त्या 'धावू नका'ला मी इतकी घाबरायचे ना, की अजून पळत गाडी पकडत नाही," ती म्हणाली. "एक कोर्टातला शिपाई हवाय. नाव पुकारायचंय फक्त. याल?"

ते गेले. पुकारले. तिथून सुरुवात झाली. पहिल्या साडेतीन वर्षांत एकोणीस भूमिका झाल्या. माझ्याकडे यादी आहे: वॉचमन चार, शिपाई तीन, कंपाउंडर दोन, तलाठी दोन, हॉटेलवाला एक, सासरे दोन, मेलेले पाच. माळशेजमार्गे कल्याण गाडीने जायचे, ठाण्याला शूटिंग करायचे आणि काम संपले की तशाच गाडीने परत यायचे. चेहऱ्यावरचा मेकअप कानामागे राहिलेला असे, तो मी खोबरेल तेलाने काढायची.

घरात तिसरे माणूस म्हणजे माझे सासरे, सावळेराम. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. आबा मालिका नेमाने बघत आणि मुलाच्या मरणांवर हसत. मरणाचा शॉट झाला की कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसायचे, म्हणजे अपशकुन होत नाही, असा तिकडे रिवाज आहे. जयवंतनी तो सांगितला तेव्हा आबा म्हणाले, "बरं हाय की. आमच्या टायमाला मेलेलं कुणी हासत नव्हतं. हासलं असतं तर माझा तेवढा हेलपाटा वाचला असता."

हेलपाटा म्हणजे काय ते सांगायला हवे. सत्तावन्न सालापर्यंत मढमध्ये कुणाच्याही घरी माणूस गेले की नातेवाइकांच्या गावी सांगावा नेण्याचे काम आबांच्या घराकडे होते. दहा-बारा वर्षांचे असल्यापासून ते मरणाच्या बातम्या घेऊन चालत होते. ओतूर, डिंगोरे, खिरेश्वर. जळणाची लाकडे पोचवायची, आणि दहाव्याला पंगत उठली की उरलेले अन्न आणायला भांडे घेऊन लांब बसायचे. सत्तावन्न साली त्यांनी दीक्षा घेतली आणि ते भांडे ओढ्यात टाकले. तेव्हापासून सांगावा नाही, दहावा नाही, पिंड नाही, डोक्याला वस्तारा नाही. १९९८ साली माझ्या सासूबाई, द्रौपदाबाई, गेल्या. तेव्हा भावकीतले दोन म्हातारे म्हणाले, निदान पोराचे केस तरी उतरवा, लोक काय म्हणतील. आबा काठी घेऊन अंगणाच्या तोंडाशी उभे राहिले आणि न्हाव्याला तिथूनच परत पाठवले. त्याच संध्याकाळी त्यांनी जयवंतकडून शब्द घेतला. "मी गेलो तर तुझ्या डोक्याला हात लागता कामा नये." जयवंत हो म्हणाले. मी तिथे होते.

२०१३ च्या जानेवारीत अश्विनीने पहिल्यांदा मोठे काम आणले. रोजची मालिका, मोठे घर, त्यातले थोरले दादा. सत्तरच्या वर सीन. सुरुवातीच्या पाट्यांत तिसरे नाव. जयवंतनी तो कागद मला दोनदा वाचायला लावला.

मार्चमध्ये मालिकेतले वडील मरायचे होते आणि थोरल्या दादांनी घाटावर केस उतरवायचे होते. रबराची टकलाची टोपी लावून पाहिली. आताच्या कॅमेऱ्यात तिची कड कानामागे दिसते. दिग्दर्शक म्हणाले, खरेच करावे लागेल, आणि एकाच टेकमध्ये. जयवंतनी एक दिवस मागून घेतला. मला फोन केला. मी म्हटले, शब्द आबांच्या मरणापुरता होता, मालिकेचा नव्हता. हे मी म्हटले होते, डायरीत आहे. अठ्ठावीस मार्चला दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला.

"झालं," ते म्हणाले.

"किती वेळ लागला?"

"चार मिनिटं."

आबांना सांगायचे नाही असे ठरले. मालिकेतले कथानक बाहेर न सांगण्याच्या कागदावर सही होती, हे एक कारण. केस वाढेपर्यंत घरी यायचेच नाही, असा त्यांचा बेत होता. त्यात एक अडचण निघाली. मालिकेतला दिवस आणि आपला दिवस सारखा नसतो. तिकडे एका दिवसाला पाच-सहा एपिसोड लागतात. सुतक संपेपर्यंत डोके तसेच दिसायला हवे, म्हणून दर तिसऱ्या दिवशी सेटवर न्हावी येत असे.

चौदा एप्रिलच्या जयंतीला जयवंत आले नाहीत. जन्मात पहिल्यांदा. आबा झेंड्याजवळ उन्हात साडेतीन तास बसले, सगळी भाषणे ऐकली आणि संध्याकाळी तापाने फणफणले. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि मला बाहेर बोलावून सांगितले की किडन्या गेल्यात. पंधरा दिवस, फार तर महिना. मी जयवंतना कळवले. सोळा तारखेला, मंगळवारी, ते निघाले.

पुढे काय झाले ते स्टँडवरच्या कँटीनच्या गोरखने मला नंतर सांगितले. जयवंत साडेदहाच्या कल्याण गाडीतून उतरले. डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी होती. ऊन फार होते. नळावर तोंड धुवायला त्यांनी टोपी काढली. गोरखने ते तुळतुळीत डोके पाहिले. आबा आजारी आहेत हे त्याला माहीत होते. त्याने स्टोव्ह बंद केला, बाहेर आला आणि काही न बोलता हात जोडले. जयवंतनीही हात जोडले. त्यांना वाटले, आजारपणाचे कळले असेल. ते चालत घराकडे निघाले आणि गोरखने मढला फोन लावला. आमच्याकडे केस उतरवत नाहीत हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. "मला वाटलं, टीव्हीत गेल्यात, मोठी माणसं झाल्यात, करत असत्याल," तो मला म्हणाला.

जयवंत घरी आले तेव्हा आबांचा डोळा लागला होता. जयवंत टोपी घालूनच दाराशी खुर्चीवर बसले. मी त्यांना भाकरी वाढली. आबा दीड वाजता उठले, मी त्यांना मोसंबीचा रस दिला. तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि साळुबाईचा आवाज आला. साळुबाई मढची, आबांच्या तिथल्या घराशेजारची, सत्तरी ओलांडलेली. गेटापासूनच तिने सूर लावला होता.

"आवं सावळेराम भाऊ, कुठं गेलासा वं आमाला टाकून! न सांगता गेलासा वं!"

आबांनी रसाचा पेला खाली ठेवला. "कोण गं ती? साळू का?"

बाहेर एकदम शांत झाले.

"ये आत. मी हितंच हाय. कुठं गेलो न्हाई."

साळुबाई आत आली. तिच्यामागे भावकीतले संपत, सयाजी आणि आणखी आठ जण. एकाच्या हातात पांढऱ्या कापडाची घडी होती, ती त्याने पाठीमागे धरली.

"काय रं हे, जत्रा घेऊन आलास," आबा संपतला म्हणाले.

"न्हाई, सहजच," संपत म्हणाला. "म्हटलं, तब्येत बघावी."

"सहजच? अकरा जण? आन ही रडती का मग?"

"मला काय म्हाईत!" साळुबाई डोळे पुसत चिडली. "ह्या गोरख्यानं फोन केला! म्हणं जयवंतानं डोकं केलंय. मग डोकं कशापायी केलंय ते इचारा की त्याला, माझ्याव काय डाफरता!"

सगळ्यांनी जयवंतकडे पाहिले.

"टोपी काढ," आबा म्हणाले.

जयवंतनी काढली. ते डोके मी पहिल्यांदाच तेव्हा पाहिले. कपाळापर्यंत रंग गव्हाळ होता आणि वर एकदम फिकट.

"कुणासाठी?" आबांनी विचारले.

"मालिकेसाठी, आबा. मालिकेतला बाप गेलाय."

"कवा गेला?"

"शूटिंगचे एकोणीस दिवस झाले. पण मालिकेत आज चौथा दिवस हाय."

संपतला हसू आले, ते त्याने खोकून मारले.

"पिंड ठेवला का?"

"अजून न्हाई. दहाव्याचा सीन पुढच्या बुधवारी."

"हात तुझंच असत्याल ना?"

जयवंतनी टोपी पुन्हा घातली. आबा मला म्हणाले, "बाई, चहा टाका. माणसं लांबनं आल्यात." मी शिक्षिका म्हणून ते मला पहिल्यापासून बाईच म्हणत. अकरा कप चहा केला. पांढरे कापड घेऊन आलेला माणूस ते कापड आमच्या ओट्यावर विसरून गेला. ते मी कपाटात ठेवले.

माणसे गेल्यावर आबांनी जयवंतना जवळ बसवले. त्यांचे बोलणे मी त्याच दिवशी लिहून ठेवले, तसेच इथे उतरवते.

"डाक्टर काय म्हणतो ते मला कळतंय. पण मी आत्ता गेलो तर मला पोचवायला तू ह्या डोक्यानं चालणार. बघणारा काय म्हणंल? सावळेरामाच्या पोरानं शेवटी केलंच. सत्तावन सालापास्नं जपलंय मी हे. तुझी आय गेली तवा जपलं. एका टकलापायी जायला नको."

"मी सांगंन की लोकांना, मालिकेचं हाय म्हणून."

"कुणाकुणाला सांगशील? मयताला आलेला माणूस इचारत न्हाई. बघतो आन जातो." मग म्हणाले, "तुझं केस उगवंस्तोवर मी जात न्हाई. तू वस्तारा लावू नको, म्हंजे झालं."

त्या रात्री जेवणाआधी मी पट्टी आणली. आबांनीच सांगितले, बाई, मोजून लिहा. एक मिलिमीटर.

अठरा तारखेला केस उतरवण्याचा एपिसोड लागला आणि गावाला उलगडा झाला. गोरख केळी घेऊन आला. दाराशीच उभा राहून म्हणाला, "आबा, चुकी झाली." आबा म्हणाले, "केळी ठेव. परत मारू नको म्हंजे झालं."

अश्विनीला जयवंतनी सगळे सांगितले. ती म्हणाली, "काका, कंटिन्युइटीचं काय करू मी? कालपर्यंत चकचकीत आणि आज खुंट? आणि दहाव्याचा हा तुमचा सीन आहे. तीन मिनिटं एकटे बोलताय तुम्ही. असा सीन मी कुणाला लिहायला लावत नाही."

ते खरे होते. त्या सीनची पाने जयवंतनी पिशवीत आणली होती. रोज सकाळी मागच्या अंगणात ते पाठ करत. मी धुणे वाळत घालताना ऐकले आहे. बापाने कधी शाबासकी दिली नाही, असे मुलगा घाटावर बापाला बोलतो. चांगले लिहिले होते.

आबांनी त्यांना जा म्हणून सांगितले. काम घेतलेय, बुडवू नको. फक्त वस्तारा नको आणि हात नकोत. जयवंत तेवीसला गेले, पंचवीसला परत आले. त्या दिवसांचे आकडे मी अंदाजाने लिहिलेत, पेन्सिलने.

सेटवर वाद झाला, तो त्यांनी मला तुकड्यातुकड्यांत सांगितला. दिग्दर्शक म्हणाले, चार मिलिमीटरसाठी माझे युनिट थांबलेय. मेकअपदादाने पावडर लावून पाहिली. न्हावी खुर्ची मांडून उभाच होता. जयवंत एवढेच म्हणत राहिले की घरी माणूस आहे. शेवटी सेटवरचा एक सुतार त्यांच्याच बांध्याचा निघाला. अश्विनीने त्याला विचारले, तो तयार झाला. न्हाव्याने त्याचे डोके केले. त्याला थोरल्या दादांचे धोतर नेसवले, पाठमोरा बसवला. पिंड त्याने ठेवला. हातांचे जवळून शूटिंग झाले. जयवंत कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून माइकवर बोलले. चेहरा लागेल तिथे आधीच्या शूटिंगमधला घालायचा ठरला.

अश्विनी नंतर मला म्हणाली की आवाज ऐकून सेटवर चहापाणी देणारे स्पॉटदादासुद्धा रडत होते. जयवंत म्हणाले, "स्टँडवर बसल्यासारखं वाटलं. खिडकीमागे."

परत आल्यावर आबांनी विचारले, "ठेवला?"

"ठेवला. हात दुसऱ्याचं व्हतं, आबा. आवाज माझा."

"आवाजाचं काय न्हाई," आबा म्हणाले. "मेलेल्यांचा पुकारा मीबी लई केलाय. हात न्हवं तर बास."

पुढच्या आठवड्यात अश्विनीने कळवले की थोरले दादा अस्थी घेऊन काशीला जातील आणि परत येणार नाहीत. ती म्हणाली, माझ्या हातात नव्हते. मेअखेरीस पाट्यांतूनही नाव गेले. तिचा फोन आला त्या दिवशीच्या माझ्या पाच ओळी अशा आहेत: पाणी सव्वासहाला आले. आबांना सूज, पाय उशीवर. डाळ संपली. अश्विनीचा फोन. सात.

आबा रोज सकाळी जयवंतच्या डोक्यावरून पंजा फिरवत. आधी मी मोजायची, मग ते तपासायचे. पहिले काही दिवस ते म्हणत, "काट्यावानी हाय." नंतर म्हणत, "जोंधळ्याच्या सडावानी." वय बासष्ट, केस पांढरे आणि विरळ उगवत होते. डॉक्टर दोनदा येऊन गेले आणि दुसऱ्यांदा मला म्हणाले, यांना काय बळ आहे कळत नाही. मी त्यांना सांगितले नाही. आबांना पाणीसुद्धा पोटात राहत नव्हते. ते झोपेत दात खात. आपण आता कशाची वाट बघतोय, हे मला कळत होते. जयवंतनाही कळत होते. त्यांनी एकदा बाजारातून केसांचे तेल आणले, पण लावले नाही. मोरीच्या फळीवर तसेच ठेवले.

तेरा मे, सोमवार. सकाळी अकरा मिलिमीटर भरले. आबा म्हणाले, "कंगवा आणा." मी माझा कंगवा दिला. त्यांनी तो आपल्या हाताने जयवंतच्या डोक्यावरून एकदा फिरवला. कंगवा केसांत थोडा अडला.

"भांग पाड," ते म्हणाले.

जयवंतनी पाडून पाहिला. पडेना.

"अजून पंधरा दिवस लागत्याल, आबा."

"बास झालं," आबा म्हणाले. "लांबनं दिसतंय." आणि कुशीवर वळले.

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी ते गेले. मी चहा गाळत होते. जयवंतनी आतून हाक मारली. आवाज नेहमीसारखा होता.

संध्याकाळी उन्हे उतरल्यावर अंत्यविधी झाला. मढहून दोन जीप आल्या. साळुबाई या वेळी गेटावर रडली नाही. आत येऊन, बघून, मग रडली. पांढरे कापड घरात होतेच. बौद्धाचार्यांनी त्रिशरण म्हटले. जयवंत पुढे चालत होते, उघड्या डोक्याने. मावळतीच्या उन्हात ते पांढरे खुंट स्पष्ट दिसत होते. ओढ्याकाठच्या स्मशानाजवळ गोरख हळूच त्यांच्याजवळ गेला. "जयवंतराव, न्हावी बोलवायचा न्हाई ना? न्हाई, लोकं इचारत्यात म्हणून."

"नाही," जयवंत म्हणाले.

गोरखने मागे वळून तसे सांगितले. सगळ्यांनी ऐकले.

इथे संपले असते तर बरे झाले असते. पण शूटिंग आणि टीव्हीवर लागणे यात तीन आठवड्यांचे अंतर असते. दहाव्याचा एपिसोड सोळा मेला, गुरुवारी, साडेसातला लागला. आबांना जाऊन तिसरा दिवस. मी पाहिला. जयवंत मागे कपडे धूत होते. घाट, नदी, तुळतुळीत डोके, जयवंतचा चेहरा, मग हात, मग पिंड, आणि वरून तो आवाज. बापा, तू मला कधी बरं म्हटलं नाहीस. जोडकाम कुठे आहे ते कळत नव्हते. मला माहीत असून कळले नाही.

शुक्रवारी मी दळण आणायला गेले. गिरणीत दोघी-तिघींनी हात धरला. "काय रडले हो तुमचे! आबांसाठी किती जीव तुटला बघा." एकजण म्हणाली, "बरं केलं, टीव्हीवर का होईना, दहावा झाला म्हाताऱ्याचा." मी सांगितले की ते आधीचे शूटिंग होते, मालिकेतले वडील होते, हात सुताराचे होते. त्या हो हो म्हणाल्या. दळण झाल्यावर त्यांतलीच एक दुसरीला सांगत होती, सावळेरामाचा दहावा टीव्हीत दाखवला.

पुढची जवळजवळ अकरा वर्षे जयवंतनी काम केले. यादीत आणखी चौतीस भूमिका आहेत. मोठी एकही नाही. मेलेले अकरा. आता काही मालिकांत मेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो वर्षभर भिंतीवर असतो. दोन मालिकांत तो त्यांचा होता. मढला, येडगावला, लग्नात, जिथे जातील तिथे कोणीतरी त्या घाटावरच्या सीनचा विषय काढायचे. "डोळस, वडिलांचा काय दहावा केलात राव!" जयवंत दर वेळी म्हणायचे, "ते हात माझे नव्हते." लोक हसायचे. नटाचा विनय वाटायचा. टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखवली. तेव्हा तो एपिसोड त्यांनी पहिल्यांदा पाहिला, माझ्याशेजारी बसून. संपल्यावर म्हणाले, सुताराने चांगले केले. आणि उठून पाणी प्यायले.

नऊ जानेवारी २०२४ ला सकाळी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णवाहिका येण्याआधीच गेले. आमचा मुलगा समाधान नाशिकला असतो. तो साडेबाराला पोचला. चाळिशीतच त्याला पूर्ण टक्कल पडले आहे, माझ्या माहेरच्यांवर गेलाय. कानांवर जे थोडे उरते तेही तो दर आठवड्याला मशीनने काढून टाकतो. थंडीची टोपी घालून आला होता. बापाजवळ बसताना त्याने ती काढून ठेवली.

मी त्याला म्हटले, टोपी घाल.

"का गं आई?"

आबा गेले तेव्हा तो परदेशात होता. त्याला हे सगळे माहीत नव्हते. मी सांगायला लागले, तेवढ्यात माणसे आली. अश्विनी ठाण्याहून आली होती, तिला रडू आवरत नव्हते. मग न्यायची वेळ झाली आणि टोपीचे राहून गेले.

ओढ्यावरून परत येताना मढचा एक माणूस, मला नाव ठाऊक नाही, समाधानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं केलंस बाबा. बापानं बापाचं केलं, तू बापाचं केलंस."

समाधान माझ्याकडे बघायला लागला. गोरख बाजूलाच होता. तो त्या माणसाला म्हणाला, "आवो, त्याचं पहिल्यापास्नंच तसं हाय."

माणूस हो हो म्हणाला.

त्या दिवशीच्या पाच ओळी मी संध्याकाळी लिहिल्या. पाणी सहाला आले. जयवंत, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. समाधान साडेबाराला. अश्विनी. पाचव्या ओळीत मढच्या माणसाचे वाक्य लिहिले, आणि त्यापुढे गोरखचे.